घरावर आयकराचा बोजा: दोन फायली वेगळ्या ठेवा

दाराला डकवलेला कागद घाबरून फाडू नका, आधी नीट वाचा. कोपऱ्यात 'आयटीसीपी' आणि पुढे एक आकडा असतो. आयटीसीपी-१ असेल तर ती 'पंधरा दिवसांत थकबाकी भरा' अशी नोटीस असते. आयटीसीपी-१६ असेल तर जप्तीचा आदेश निघालेला असतो. दोन्ही कागद आयकर खात्याच्या कर वसुली अधिकाऱ्याकडून, म्हणजे टीआरओकडून येतात. पुण्यात बहुतेक जण पहिला कागद ड्रॉवरमध्ये टाकतात आणि दुसरा आला की सीएला फोन लावतात.

मग सगळे टीआरओच्या टेबलासमोर जाऊन सांगू लागतात: साहेब, हा कर आम्हाला लागतच नाही, हे बघा कागद. त्या टेबलावर या वाक्याचा काहीही उपयोग नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम २२४ मध्ये सरळ म्हटलं आहे की वसुली प्रमाणपत्रातली रक्कम बरोबर की चूक, हा वाद करदात्याला टीआरओपुढे घालता येत नाही. त्याच्याकडे आकडा आलेला असतो आणि तो वसूल करणं एवढंच त्याचं काम.

म्हणून फायली दोन करा. कर मुळात लागतो का, ही एक. त्यात कर ठरवणाऱ्या आकारणी अधिकाऱ्याची, म्हणजे एओची ऑर्डर, अपील, दुरुस्ती अर्ज. दुसरी वसुलीची: स्टे म्हणजे वसुलीला स्थगिती, हप्ते, जप्ती, बँक खातं, सोसायटी. अपील दाखल झालं म्हणजे वसुली थांबली, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. अपिलाने वसुली थांबत नाही. स्टेचा अर्ज वेगळा, तो वेगळ्या माणसाकडे करायचा आणि त्याची पोच वेगळी घ्यायची.

आता असा आकडा येतो कुठून? इथे नेहमी दिसणारा प्रकार घेऊ. नवरा-बायकोच्या नावावर वाकडला किंवा आंबेगावला ६२ लाखांचा फ्लॅट. पगार नवऱ्याचा, कर्ज नवऱ्याच्या पगारावर, बायकोचं नाव घरात हक्क राहावा म्हणून. दुय्यम निबंधक कार्यालयातून ३० लाख आणि त्यावरच्या व्यवहारांची माहिती आयकर खात्याला जाते. जाताना ६२ लाख हा पूर्ण आकडा दोघांच्याही पॅनवर चढू शकतो. निम्मा-निम्मा होत नाही. बायकोचं विवरणपत्रच नसतं. काही वर्षांनी त्या वर्षाचं प्रकरण उघडणारी कलम १४८ ची नोटीस निघते, ती आयकर पोर्टलवर आणि पॅन काढताना दिलेल्या ईमेलवर जाते. तो ईमेल बहुधा पॅन काढून देणाऱ्या एजंटचा किंवा जुन्या सीएच्या ऑफिसचा असतो. कुणी उत्तर देत नाही. मग कलम १४४ खाली एकतर्फी ऑर्डर होते, आणि ६२ लाख ही 'स्रोत न सांगितलेली गुंतवणूक' ठरते.

पुढचं गणित बघा. कलम ११५बीबीई खाली ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, म्हणजे ७५. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ७८. ही आकारणी वर्ष २०१९-२० पासूनची बेरीज. ६२ लाखांचे ७८ टक्के म्हणजे ४८ लाख ३६ हजार. २३४ए आणि २३४बी चं व्याज वेगळं, दंड वेगळा. स्वतःचं उत्पन्न नसलेल्या बाईच्या नावावर हा आकडा उभा राहतो, आणि तिच्या नावावर जप्त करण्यासारखी एकच गोष्ट असते: तोच फ्लॅट.

मागणी नोटीस कलम १५६ ची असते, आणि ती हातात पडल्यापासून ३० दिवस मोजायचे. हे ३० दिवस दोन कारणांनी महत्त्वाचे. याच मुदतीत अपील करायचं असतं, आणि ही मुदत संपली की न भरलेल्या रकमेवर कलम २२०(२) चं दरमहा एक टक्का व्याज सुरू होतं. वरच्या उदाहरणात महिन्याला ४८ हजार ३६०. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. स्टे मिळाला तरी हे व्याज मनातून काढू नका. अपील हरलात तर ते स्टेच्या काळाचंही लागतं. रक्कम कमी झाली तर व्याजही त्या प्रमाणात उतरतं.

अपील फॉर्म ३५ वर, पोर्टलवरून. फी २५० ते १,००० रुपये. ठरवलेलं उत्पन्न दोन लाखांवर असेल तर १,०००. फॉर्म भरणं सोपं, अडकतात ते पुढच्या तीन जागी.

पहिली जागा कलम २४९(४). ज्याने विवरणपत्रच भरलेलं नाही, त्याने आगाऊ कराइतकी रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करून घेत नाहीत. वरच्या बाईंना स्वतःचं उत्पन्न नाही, म्हणून आगाऊ कर लागूच नव्हता. पण हे फॉर्ममध्ये लिहावं लागतं आणि सूट मागावी लागते. तो रकाना रिकामा सोडला तर अपील गुणदोषात न जाता तिथेच फेटाळलं जातं.

दुसरी जागा पुरावे. ऑर्डर एकतर्फी झाली, म्हणजे एओपुढे एकही कागद गेलेला नाही. अपिलात दाखवलेला प्रत्येक कागद मग 'नवा पुरावा' ठरतो आणि त्यासाठी नियम ४६ए खाली वेगळा अर्ज लागतो. आधी का दिला नाही, याचं कारण त्यात यायला हवं. नुसती पीडीएफ जोडून भागत नाही. जोडायचं काय? इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा गोषवारा), नोंदणीकृत करारनामा, बँकेचं कर्जमंजुरी पत्र आणि पैसे कुठल्या तारखेला कुणाच्या नावाने सुटले त्याचा तक्ता, बिल्डरची मागणीपत्रं आणि पावत्या, नवऱ्याचं बँक स्टेटमेंट, त्या वर्षाची त्याची विवरणपत्रं. सगळ्यात कामाचा एक साधा तक्ता असतो: तारीख, रक्कम, कुठल्या खात्यातून, बिल्डरची पावती क्रमांक. शेवटची बेरीज ६२ लाखांना रुपयावर जुळली पाहिजे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात मिसळू नका, खाली वेगळी दाखवा. बेरीज दोन-तीन लाखांनी चुकली की समोरचा माणूस तेवढ्याच ओळीवर बोट ठेवतो.

तिसरी जागा उशीर. ३० दिवस टळले असतील तर विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्या. 'नोटीस मिळाली नाही' एवढ्यावर भागत नाही. पोर्टलवर कुठला ईमेल नोंदलेला होता, तो कुणाचा, ऑर्डर पहिल्यांदा कधी उघडली, त्यानंतरचा प्रत्येक आठवडा कशात गेला, हे तारखांनिशी लिहा. आणि त्याच दिवशी पोर्टलवरचा ईमेल, मोबाइल स्वतःचा करून घ्या. सीएचा नंबर दुय्यम म्हणून चालेल, मुख्य म्हणून नको.

एकतर्फी ऑर्डरींच्या बाबतीत एक बदल सोयीचा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कलम १४४ च्या ऑर्डरीवरचं अपील ऐकणाऱ्या आयुक्तांना प्रकरण नव्याने तपासायला एओकडे परत पाठवता येतं. म्हणून अपिलात दोन्ही मागण्या लिहा, उत्पन्नात धरलेली वाढ रद्द करा किंवा प्रकरण परत पाठवा. परत गेलं म्हणजे जिंकलात असं नव्हे, पण ती मागणी तेवढ्यापुरती उठते आणि जप्तीचा पायाच जातो.

कलमांच्या आकड्यांबद्दल: आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, आणि त्यातले क्रमांक वेगळे आहेत. त्याआधीच्या वर्षांच्या प्रकरणांना १९६१ चाच कायदा लागतो. नोटिशीवर जे कलम छापलं असेल तेच उत्तरात लिहा.

आता दुसरी फाईल. स्टेचा अर्ज कलम २२०(६) खाली, तुमच्या हद्दीच्या एओकडे. ऑर्डर फेसलेस पद्धतीने, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन झाली म्हणून लोक अर्जही फेसलेस युनिटच्या नावे करतात आणि महिनाभर उत्तराची वाट बघतात. वसुली हद्दीच्या एओकडे असते. पोर्टलवर पॅन घालून आपला एओ शोधता येतो. पुण्यात ही कार्यालयं एका इमारतीत नाहीत. साधू वासवानी चौकातलं आयकर भवन, सॅलिसबरी पार्कातलं बोधी टॉवर, स्वारगेटची पीएमटी इमारत अशी ती विखुरलेली आहेत. वॉर्ड क्रमांक बघून निघा, नाहीतर दुपार रिक्षात जाते. अर्ज पोर्टलवरून किंवा ईमेलने दिला तरी छापील प्रत आवक टेबलावर देऊन शिक्का मारून घ्या. पुढे हायकोर्टापर्यंत जायची वेळ आली तर तो शिक्काच बोलतो.

खात्याचा ठरलेला दर २० टक्के आहे. ३१ जुलै २०१७ च्या सूचनेनुसार वादातल्या मागणीच्या २० टक्के भरा आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत बाकीची थांबवून घ्या. ४८.३६ लाखांवर ९ लाख ६७ हजार. पण हा आकडा दगडावरची रेघ नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की प्रकरण बघून त्याहून कमी रकमेवरही स्टे देता येतो. मात्र तो मागावा लागतो, आणि मागताना तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आकारणी प्रथमदर्शनीच टिकणारी नाही, इथे तो बेरजेचा तक्ता जोडा. पैसे खरोखर नाहीत, इथे बँक स्टेटमेंट, कर्जाचा हप्ता, मुलांची फी. आणि वसुली थांबल्याने खात्याचं काही बुडत नाही, पण झाली तर तुमचं घर जातं. तिसरा मुद्दा लोक गाळतात. 'घर आमच्याच नावावर आहे, आम्ही ते विकत नाही' अशी हमी लिहून दिली की अर्जाला वजन येतं.

अर्जाचा निकाल दोन आठवड्यांत द्यावा असं खात्याच्याच सूचनेत आहे. नाकारला, किंवा '२० टक्के भरा' एवढी एक ओळ लिहून परत आला, तर प्रधान आयुक्तांकडे फेरविचारासाठी जा. तिथेही नाही झालं तर मुंबई हायकोर्टात रिट. ट्रिब्युनलचं, म्हणजे आयकर अपील न्यायाधिकरणाचं पुण्यात खंडपीठ आहे, पण आयुक्तांच्या अपिलाचा निकाल लागल्यावरच तिथला दरवाजा उघडतो. तिथला स्टे १८० दिवसांचा, वाढवून एकूण ३६५ पर्यंत, आणि आधी २० टक्के किंवा तेवढ्याचं तारण.

२० टक्के भरताना पोर्टलवरच्या मागणीचा संदर्भ क्रमांक निवडून, चलनातल्या मायनर हेड ४०० (नियमित आकारणीचा कर) खाली भरा. घाईत स्वयंमूल्यांकनाच्या ३०० खाली भरलं, किंवा आकारणी वर्षाऐवजी आर्थिक वर्ष धरलं, तर पैसे जातात आणि मागणी तशीच दिसते. चलन दुरुस्तीची सोय पोर्टलवर आहे, पण मुदत थोडी असते. चलन डाउनलोड करून तिथल्या तिथे तपासा. जुन्या वर्षांचे परतावे खात्याने आधीच वळते केले असतील तर ते २० टक्क्यांत धरायला सांगा.

अपील वगैरे न लागणाऱ्या मागण्याही असतात. बंगळुरूच्या सीपीसीने, म्हणजे विवरणपत्रं तपासणाऱ्या केंद्राने टीडीएस धरला नाही, चलन मोजलं नाही, अशा. त्यांना कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज पुरतो. मुदत ऑर्डरीच्या आर्थिक वर्षाअखेरीपासून चार वर्षं. पोर्टलवर 'थकीत मागणीला प्रतिसाद' मध्ये 'असहमत' निवडून कारण आणि चलन जोडा. हा प्रतिसाद म्हणजे स्टे नव्हे. तसंच २०२४ मध्ये खात्याने जुन्या छोट्या मागण्या स्वतःहून काढल्या: २०१०-११ पर्यंतच्या आकारणी वर्षांच्या २५ हजारांपर्यंत, २०११-१२ ते २०१५-१६ च्या १० हजारांपर्यंत, एका करदात्याला एकूण एक लाखाच्या मर्यादेत. एवढ्याशा रकमेसाठी वकील लावण्याआधी ती अजून यादीत आहे का बघा.

आता जप्ती. आयटीसीपी-१ हातात पडली त्या क्षणापासून टीआरओच्या परवानगीशिवाय घर विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येत नाही. जप्तीचा आदेश नंतर निघाला तरी त्याचा परिणाम त्या पहिल्या नोटिशीच्या तारखेपासून धरतात. मधल्या काळात केलेला करारनामा म्हणूनच गोत्यात येतो. आदेशाची जाहीर दवंडी द्यायची असंही नियमात आहे, ढोल वाजवून किंवा रिवाजाप्रमाणे, आणि प्रत मिळकतीवर ठळक जागी लावायची. औंधच्या सोसायटीत ढोल क्वचितच वाजतो, पण कागद गेटवर लागतो आणि व्हॉट्सॲप ग्रुप पुढचं काम करतो.

जप्ती म्हणजे घरातून बाहेर काढणं नव्हे. तुम्ही राहू शकता. सोसायटीने हस्तांतराची ना-हरकत द्यायची नाही, एवढाच तिच्यापुरता अर्थ. पाणी, लिफ्ट, पार्किंग रोखायचा अधिकार त्यातून कमिटीला मिळत नाही.

'राहतं घर जप्त होतच नाही' हेही ऐकायला मिळतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधली घराची सूट शेतकऱ्याच्या घराला आहे, कोथरूडच्या टू-बीएचकेला नाही. आणि 'बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू' हा सल्ला देणारा माणूस तुमचा मित्र नव्हे. १ जून १९७३ नंतर योग्य मोबदल्याशिवाय जोडीदाराला, अल्पवयीन मुलाला किंवा सुनेला दिलेली मिळकत वसुलीसाठी थकबाकीदाराचीच धरतात. वर हेतू वाईट दिसतो तो वेगळाच.

सहमालकाची गोष्ट मात्र वेगळी. मागणी बायकोवर आणि फ्लॅट दोघांचा, तर नवऱ्याने स्वतःच्या नावाने आयकर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीच्या नियम ११ खाली हरकत घ्यावी. दाखवायचं एवढंच: आयटीसीपी-१ बजावली त्या तारखेला या मिळकतीत माझा हिस्सा होता. करारनामा, पैसे कुणी भरले ते, कर्जाचे हप्ते. उशीर मुद्दाम केला असं वाटलं तर टीआरओ चौकशीच नाकारू शकतो, म्हणून आठवड्याच्या आत द्या. निर्णय विरुद्ध गेला तर दिवाणी दावा करता येतो. पण दोन फायलींची इथे गंमत होते. 'सगळे पैसे नवऱ्याचे' हे अपिलातही फायद्याचं आणि हरकतीतही. उलट एका ठिकाणी 'बायकोचे माहेरचे दागिने विकून भरले' असं लिहिलं तर दुसरीकडचं वाक्य पडतं. दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सही करू नका.

बँक खात्यावर 'लीन मार्क', म्हणजे रक्कम अडवल्याची खूण दिसली तर ते कलम २२६(३). त्या नोटिशीची प्रत तुम्हालाही यायला हवी, बँकेकडून मागून घ्या. संयुक्त खात्यात दोघांचा हिस्सा समान धरतात, जोवर वेगळं सिद्ध होत नाही. पूर्ण रक्कम अडवली असेल तर निम्म्यासाठी तरी लगेच पत्र द्या. गृहकर्जाची बँक आधीची तारणधारक असेल तर तिचा हक्क सहसा पुढे राहतो, कारण आयकराला कायद्याने पहिला बोजा दिलेला नाही. बँकेला जप्तीची माहिती लेखी द्या. ती स्वतःचा दावा घेऊन उभी राहिली तर लिलाव करणं टीआरओलाही जड जातं.

कर खरंच लागतो आणि पैसे घर विकूनच उभे राहणार असतील, तर लिलावाची वाट बघू नका. विक्रीचा आदेश झाल्यावरही नियम ६६ खाली खाजगी विक्रीसाठी मुदत मागता येते. पैसे खरेदीदाराने थेट टीआरओकडे भरायचे आणि त्याने मान्यता दिली की व्यवहार पक्का. बाजारभाव मिळतो. लिलाव झालाच तर ३० दिवसांत पूर्ण थकबाकी आणि खरेदीदाराला बोलीच्या ५ टक्के भरून तो उलटवता येतो, पण तेवढे पैसे तेव्हा कुठून आणणार?

मागणी उतरली किंवा भरली, की ऑर्डरीची प्रत स्वतः टीआरओकडे नेऊन द्या. एओचा स्टे किंवा अपिलाचा निकाल आपोआप त्याच्या टेबलावर पोहोचेल यावर विसंबू नका. जप्ती उठवल्याचा लेखी आदेश मागा आणि त्याच्या प्रती सोसायटीला, दुय्यम निबंधकांना, बँकेला स्वतः पोचवा. बंगला किंवा प्लॉट असेल आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढलेला असेल, तर तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढा आणि ती ओळ खरोखर गेली आहे का ते बघा.